पाचशे मैल पळालेली डुकरीण

1891चा सुमार. तुम्ही अथेन्समध्ये उभे आहात. ग्रीसमधल्या नव्हे, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या. कापसाचा मुलूख. जेनी स्मिथ या चित्रकला-शिक्षिकेच्या दाराशी एक बैलगाडी येऊन थांबते. गाडीत पन्नाशी ओलांडलेली एक काळी बाई. तिच्या मांडीवर गोणपाटाचं पोतं, पोत्यात पिठाची स्वच्छ पिशवी आणि पिशवीत घडी घातलेली गोधडी.

ही हॅरिएट पॉवर्स. जन्म 1837चा, अथेन्सच्याच परिसरातला, गुलामगिरीतला. कायद्याच्या लेखी ती वस्तूच होती आणि तिची किंमत ठरवणारे दुसरेच होते. आज किंमत ती सांगते आहे: दहा डॉलर. 1886 मध्ये इथल्या प्रदर्शनात जेनीबाईंनी ही गोधडी पाहिली, तेव्हा हॅरिएट ती कोणत्याही भावाला द्यायला तयार नव्हती. आता हातातोंडाची गाठ पडेना. पण जेनीबाईंकडे पाचच डॉलर आहेत. हॅरिएट बाहेर जाते, नवऱ्याशी बोलते, परत येते आणि पाचावर राजी होते.

तुम्हाला मध्ये पडून घासाघीस करावीशी वाटेल. गप्प राहा. कारण आता ती एकेक चित्र समजावून सांगणार आहे आणि जेनीबाई ते टिपून घेणार आहेत. त्या टिपणाशिवाय आपल्याला यातलं निम्मंही उमगलं नसतं.

गोधडी पसरली. अकरा चौकटी. कापडातून माणसं, जनावरं, तारे कापायचे आणि पार्श्वभूमीवर टाचायचे. कोलाजच हे, डिंकाच्या जागी दोरा एवढंच. पहिल्या चौकटीत आदम, ईव्ह आणि बागेतले प्राणी. वाकून पाहा. हत्ती, उंट, शहामृग, कुणालाच पाय नाहीत. पाय आहेत ते फक्त सापाला. खाली जुडास आहे. येशूला विकून मिळालेली तीस चांदीची नाणी हॅरिएटने हिरव्या सुती कापडाची केली आहेत. का, ते तीच जाणे. घरात तेव्हा तेवढाच तुकडा शिल्लक असेल, असं मला आपलं वाटतं.

तुम्ही मात्र दुसरंच काही शोधताय. साखळदंड, चाबूक, माणसांचा लिलाव. यातलं काहीच इथे नाही. मग आणखी मागे चला.

13 नोव्हेंबर 1833, पहाटेच्या आधीची वेळ. आभाळ गळतंय. हजारो उल्का एकाच बिंदूतून फुटल्यासारख्या चहूकडे सुटल्या आहेत. पृथ्वी एका धूमकेतूच्या मागे राहिलेल्या धुळीतून जाते आहे, हे तुम्हाला ठाऊक. अंगणात गुडघे टेकून बसलेल्या माणसांना नाही. त्यांच्या लेखी जगबुडी आली आहे. हॅरिएटच्या जन्माला अजून चार वर्षं अवकाश आहे, तरी ही रात्र ती पुढे शिवणार आहे, कारण तिने ती ऐकलेली असेल. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं जॉर्जियात गुन्हा होता. जन्माची नोंद झालीच तर मालकाच्या वहीत. म्हणून आपल्याकडची म्हातारी माणसं प्लेगच्या सालावरून वय सांगत, तशी ही माणसं ‘तारे पडले त्या साली’ असं सांगत. ज्यांच्या हाती वही नव्हती त्यांचं दप्तर म्हणजे या गोष्टी. त्यांना भाबड्या लोककथा म्हणून बाजूला सारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. खुद्द हॅरिएटला लोक वर्षानुवर्षं निरक्षर समजत आले. ती गोऱ्या मुलांकडून वाचायला शिकली होती, हे तिच्या 1896च्या पत्रामुळे पुढे कळलं.

आता 1898. दुसरी गोधडी पुरी झाली आहे. पंधरा चौकटी, आणि इथे बायबल नि आभाळ यांची सरमिसळ. ईयोब शत्रूंसाठी प्रार्थना करतोय. योनाला मासा गिळतोय. त्याच गोधडीवर 1833चे तारे आणि ते थोपवणारा देवाचा हात. 1780 सालचा तो काळोखा दिवसही आहे, जेव्हा न्यू इंग्लंडमध्ये वणव्यांच्या धुराने भरदुपारी अंधार पडला आणि कोंबड्या खुराड्यात शिरल्या. 1895च्या थंडीची चौकट तर बघतच राहावी: प्रार्थना करता करता गोठलेली बाई, दारूच्या बुधल्यापाशी गोठलेला बाप्या, खेचराच्या श्वासाचे झालेले बर्फाचे सुळके.

शेवटच्या ओळीत एका चौकटीपाशी थांबा. व्हर्जिनियातले दोन श्रीमंत, देवाधर्माचं काहीच न शिकलेले, कायमचे नरकात चालले आहेत. बाजूला घड्याळ. आणि त्या सगळ्यांना खाऊन टाकेल एवढी मोठी एक डुकरीण. नाव बेट्स. हॅरिएटच्या सांगण्यानुसार ही स्वतंत्र बाण्याची डुकरीण जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळाली.

डुकरं पाचशे मैल पळत नाहीत. माणसं पळत. व्हर्जिनियाही गुलामगिरीचंच राज्य, पण वाट उत्तरेची होती. बेट्स म्हणजे पळालेला गुलाम, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं, जरी हॅरिएटने तसं कुठे म्हटलेलं नाही. म्हणेल तरी कशाला? ही गोधडी न्यूयॉर्कच्या एका गोऱ्या पाद्र्याला भेट म्हणून गेली. घरात येईल-जाईल त्याला दिसणार होते बायबलचे प्रसंग, धर्मशील बाईचं सुबक काम. त्याच कापडावर श्रीमंतांना नरकात धाडून तिने पळालेल्या जनावराला सगळ्यांत मोठी जागा दिली होती, आणि तिला नाव होतं.