पुढच्या यंत्राची वाट

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पितळी भांडी खाली आली, की घरातल्या जुन्या वस्तूंचा न्यायनिवाडा सुरू होतो. अलीकडे त्या रांगेत लॅपटॉपही येऊन बसला आहे. सहा-सात वर्षे चाकरी केलेला, आणि सुरू होईपर्यंत चहा निवून जावा इतका संथ! मुले म्हणतात, आता नवा घ्या. वडीलमंडळी म्हणतात, जरा थांबा, पुढल्या वर्षी याहून चांगला येईल. मौज अशी, की दोघांचेही खरे असते. हा वाद आजचा नव्हे. ४० हून अधिक वर्षांपूर्वी याच ‘जरा थांबू’पायी एक भरभराटीची कंपनी बुडाली, असे संगणकाच्या इतिहासात सांगतात.

त्या कथेचा नायक अ‍ॅडम ऑसबॉर्न. जन्म १९३९ सालचा, बँकॉकचा. परंतु बालपण गेले दक्षिणेत, तिरुवण्णामलैला. वडील आर्थर ऑसबॉर्न हे रमण महर्षींचे भक्त. पुढे अ‍ॅडम अमेरिकेत गेला, संगणकांवर पुस्तके लिहून छापू लागला, आणि एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्याने ‘ऑसबॉर्न १’ हे यंत्र मांडले. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. मांडीवर घेण्याजोगे ते नव्हतेच. झाकण लावलेल्या शिवणयंत्रासारखे मुठीत धरून न्यायचे. पण लेखनाचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्याच किमतीत मिळे. भरात असताना महिन्याला १०,००० यंत्रे खपली.

मग स्पर्धक जागे झाले. १९८२ साली ‘केप्रो’ने त्याच किमतीत ९ इंचांचा पडदा दिला. ऑसबॉर्नने १९८३ च्या आरंभी ७ इंची पडद्याच्या ‘एक्झिक्युटिव्ह’चा गाजावाजा केला, पण माल दुकानात पोचण्याआधीच! “नवे येतेच आहे, मग जुने कशाला घ्या?” असा विचार गिऱ्हाइकाने केला, दुकानदारांनी मागण्या आखडल्या, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. व्यापारी जगात याला आजही ‘ऑसबॉर्न परिणाम’ म्हणतात. मात्र सारा दोष त्या घोषणेचा नव्हे. केप्रोची स्पर्धा आणि आयबीएमच्या पद्धतीचे सॉफ्टवेअर चालवणारे ‘कॉम्पॅक’ यांचाही घाव मोठा होता.

आता हीच गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. ज्याने १९८१ साली यंत्र घेतले, त्याची दोन वर्षे लिहिण्यात, हिशेबात कारणी लागली. जो ‘एक्झिक्युटिव्ह’साठी थांबला, त्याच्या हाती बुडत्या कंपनीचे यंत्र आले. जो थांबून कॉम्पॅककडे वळला, त्याचे थांबणे फळले. पण यातले काय होणार, हे आधी कोणाला ठाऊक होते?

शिवाय ‘थांबा, चांगले येईल’ हे तर खरेच होते. गॉर्डन मूर याने १९६५ साली नोंदवले, की एका चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होत आहेत. १९७५ साली त्याने ती मुदत दोन वर्षे केली. पुढे कित्येक दशके बाजार त्याच चालीने धावला. त्या न्यायाने पाहिले तर कोणी कधीच काही घेऊ नये! ‘थांबला तो संपला’ म्हणणारी आणि उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधून हसणारी, अशा दोन्ही म्हणी आपल्याच घरच्या आहेत. त्यांतली निवड करायची ती येणारे यंत्र पाहून नव्हे, आपले काम पाहून.

लॅपटॉप नुसता संथ असेल, तर स्मृती वाढवून, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवून किंवा बॅटरी बदलून तो पुष्कळदा आणखी दोन-तीन वर्षे चालतो. तेथे थांबणे शहाणपणाचे. परंतु विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या यंत्रावर नवी प्रणाली चढत नाही आणि ज्यावर घरातले बँकेचे व्यवहार चालतात, तेथे सुरक्षेची तजवीज न करता थांबणे ही काटकसर नव्हे.

ऑसबॉर्न २००३ साली कोडाईकनालला वारला, बालपणीच्या त्याच तमिळ मुलखात. त्याचे यंत्र आता संग्रहालयात आहे. पाडव्याच्या खरेदीला निघण्याआधी वडीलमंडळींनी आणि मुलांनी एकत्र बसावे, जाहिराती बाजूला ठेवाव्यात आणि रोज या यंत्रावर आपण काय करतो, त्याची यादी करावी. निम्मा वाद तेथेच मिटेल.