विल्यम बँटिंगचे पत्र : पुरुषांच्या वजन-नियंत्रणाच्या इतिहासातील एक प्रकरण

आहार, व्यायाम व दिनचर्या यांत बदल करून शरीराचे वजन आटोक्यात आणावे, हा विचार आधुनिक काळाचा आहे असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल पुरुषाचा निंदित शरीरांमध्ये समावेश करून त्याच्यासाठी पचावयास जड, पण पोषण कमी असे अन्न सांगितले आहे. तथापि एका सामान्य पुरुषाने स्वतःच्या शरीराचे वजन तारीखवार नोंदवावे, काय खाल्ले ते औंसांत सांगावे आणि तो सर्व तपशील छापून लोकांपुढे ठेवावा, ही घटना एकोणिसाव्या शतकातील लंडनची आहे. ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ ही विल्यम बँटिंग याची पुस्तिका 1863 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे उभा राहिलेला प्रश्न दुहेरी होता : वजन कशाने उतरते, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा? यांतील पहिल्या प्रश्नाचीच चर्चा पुढे अधिक झाली. प्रस्तुत लेखात दोन्हींचा मागोवा घेतला आहे.

बँटिंग (1796–1878) हा वैद्य नव्हता, शास्त्रज्ञही नव्हता. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा त्याच्या घराण्याचा व्यवसाय होता व लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावर त्यांची पेढी होती. तिसरा जॉर्ज, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, राजपुत्र आल्बर्ट यांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था याच पेढीकडे होती. म्हणजे बँटिंग हा सुखवस्तू, प्रतिष्ठित, राजघराण्याशी व्यवहार असलेला गृहस्थ होता. पण वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून तो जिना पाठमोरा उतरत असे. सार्वजनिक ठिकाणी लोक आपल्याकडे पाहून हसतात, म्हणून तो गर्दीत जाणे टाळू लागला होता. स्थूल पुरुष हा त्या काळच्या व्यंगचित्रांचा हुकमी विषय. त्याच्या दुःखाला दुःख मानण्याची पद्धत नव्हती.

उपाय त्याने थोडे केले नव्हते. लठ्ठपणाची सुरुवात झाली तेव्हा एका वैद्याच्या सल्ल्याने तो रोज पहाटे दोन तास नाव वल्हवीत असे. त्याने स्नायू बळकट झाले, परंतु भूकही त्याच प्रमाणात वाढली आणि वजन उतरण्याऐवजी चढू लागले. तेव्हा व्यायाम सोडण्याचा सल्ला मिळाला. समुद्रस्नान, घोडदौड, लेमिंग्टन, चेल्टनहॅम व हॅरोगेट येथील औषधी झरे, क्षारयुक्त औषधे, तुर्की स्नाने असे सर्व उपचार त्याने केले. अनेक नामांकित वैद्यांची दारे त्याने ठोठावली आणि पैसाही भरपूर खर्च केला. ‘वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच’ या उत्तरापलीकडे त्याच्या हाती फारसे काही लागले नाही.

कलाटणी मिळाली ती कानांमुळे. ऐकू कमी येऊ लागल्याने ऑगस्ट 1862 मध्ये तो सोहो चौकातील विल्यम हार्वे या कर्णतज्ज्ञाकडे गेला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो हा नव्हे. दोघांत दोन शतकांहून अधिक अंतर आहे. हा हार्वे 1856 मध्ये पॅरिसला गेला असता तेथे क्लोद बेर्नार याचे यकृत व शर्करा यांविषयीचे विवेचन त्याच्या कानी आले होते. मधुमेहात साखर व पिष्टमय पदार्थ वर्ज्य केल्याने लाभ होत असेल, तर अतिरिक्त मेदावरही तोच उपाय चालावा, असा तर्क त्याने केला. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा हे बँटिंगचे आजवरचे मुख्य अन्न होते. नेमके तेच हार्वेने बंद केले.

नव्या आहारात सकाळी चार-पाच औंस गोमांस, बकऱ्याचे मांस, गुर्दे किंवा भाजलेली मासळी आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा; दुपारी पाच-सहा औंस मासळी किंवा मांस, बटाट्याखेरीज कोणतीही भाजी, औंसभर कोरडा भाजलेला पाव आणि क्लॅरेट, शेरी यांपैकी मद्याचे दोन-तीन पेले; संध्याकाळी थोडी फळे व चहा; रात्री पुन्हा तीन-चार औंस मांस वा मासळी आणि एक-दोन पेले क्लॅरेट. शिवाय झोपण्यापूर्वी हवा असल्यास आणखी एक पेला. नुसत्या मांस-मासळीची बेरीज केली तरी ती दिवसाला किमान 12 ते 15 औंस, म्हणजे 340 ते 425 ग्रॅम भरते. मद्याचे हे प्रमाण आजच्या कोणत्याही वैद्यकीय मर्यादेत बसणारे नाही. हा खानदानी पथ्याहार लंडनमधील मजुराच्या आवाक्यातला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. पावाच्या तुकड्यावर गुजराण करणाऱ्याला पाव सोडण्याचा उपदेश निरर्थक होता.

परिणाम मात्र आकड्यांत मोजता येण्याजोगा झाला. 26 ऑगस्ट 1862 रोजी त्याचे वजन 202 पौंड होते. पुस्तिकेतील तक्ता सुमारे तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने खाली सरकतो आणि सप्टेंबर 1863 मध्ये 156 पौंडांवर थांबतो. कंबरेचा घेर सुमारे बारा इंचांनी कमी झाला. जिना तो सरळ उतरू लागला आणि ऐकूही बरे येऊ लागले. पाच फूट पाच इंच उंचीच्या या पुरुषाचा देहभारांक, आजच्या पद्धतीने काढल्यास, 33.6 वरून 26 वर आला. 46 पौंड म्हणजे जवळजवळ 21 किलो, तेही चौपन्न-पंचावन्न आठवड्यांत. आठवड्याला 400 ग्रॅमच्या आसपास पडणारी ही गती आजच्या आहारतज्ज्ञांनाही सावधच वाटेल. भारतीयांसाठी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांनुसार देहभारांक 25 पासून लठ्ठपणा गणला जातो. त्या पट्टीने सडपातळ झालेला बँटिंगही लठ्ठच ठरतो. त्याने याची फिकीर केली नसती. त्याला नाडी बांधता येत होती.

घरोघरी वजनकाटे नसण्याचा तो काळ. बँटिंगची पेढी ज्या सेंट जेम्स रस्त्यावर होती, त्याच रस्त्यावरील बेरी यांच्या दुकानात 1765 पासून गिऱ्हाइकांची वजने वहीत नोंदवीत असत. कवी बायरनचे नावही त्या वह्यांत आहे. उमरावांचा हा षोक होता. बँटिंगने त्याच मोजमापाला उपचाराचे साधन केले, आणि हे त्याचे खरे वेगळेपण मानावे लागते. लोणी-पाव वर्ज्य करण्याची कल्पना हार्वेची, तिचे मूळ बेर्नारकडे. परंतु वर्षभर नियमाने वजन करणे, ते लिहून ठेवणे आणि आपल्या फजितीसह ते जाहीर करणे हे त्या अंत्यविधी-व्यावसायिकाचे स्वतःचे काम होते.

पुस्तिकेच्या पहिल्या दोन आवृत्त्या त्याने स्वखर्चाने छापून विनामूल्य वाटल्या. तिसरी विक्रीला काढली ती लोकांच्या मागणीमुळे. त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापदासारखे वापरले जाऊ लागले. स्वीडिश भाषेत ‘बांटा’ हे क्रियापद वजन उतरविण्यासाठी पथ्य करणे या अर्थाने आजही रूढ आहे. वैद्यकीय जगताची प्रतिक्रिया मात्र वेगळी होती. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने 1864 मध्ये, या गृहस्थाने वैद्यकीय लेखनात ढवळाढवळ न करता आपला धंदा सांभाळावा, अशा आशयाचा सल्ला दिला. यात शास्त्रीय आक्षेप काहीसा असला, तरी व्यावसायिक रोष अधिक होता. ज्या वैद्यांनी त्याला वर्षानुवर्षे झऱ्यांचे पाणी पाजले, त्यांच्या नाकर्तेपणाची नोंद त्या छोट्या पुस्तिकेत होती, हे विसरता येत नाही.

पुढील काळात जर्मन वैद्यांनी या पथ्याला आपापली वळणे दिली. एब्स्टाइन याने 1882 मध्ये आहारात स्निग्ध पदार्थांना स्थान दिले. म्यूनिकच्या ओर्टेल याने क्रमाक्रमाने चढ चालण्याची पद्धत रुजविली, आणि बँटिंगच्या कथेतून बाहेर पडलेला व्यायाम पुन्हा आत आला. 1890 च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर याने माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीराची उष्णता मोजली. तेव्हापासून अन्न आणि श्रम दोन्ही उष्मांकांच्या एकाच हिशेबवहीत लिहिले जाऊ लागले.

हिशेब जमा-खर्चाइतका सरळ नसल्याचे दोन अभ्यासांनी दाखविले, आणि दोन्ही पुरुषांवरच झाले. मिनेसोटा विद्यापीठात 1944–45 मध्ये ॲन्सेल कीज याने 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण मन अन्नाशिवाय कशातच रमेना. कित्येक जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पोटभर अन्न मिळू लागताच त्यांनी गमावलेला मेद व्याजासह परत मिळविला. दुसरा अभ्यास आपल्याकडचा. जीन मेयर व त्याच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील 213 पुरुषांच्या आहाराची आणि श्रमाची तुलना प्रसिद्ध केली. मध्यम ते जड काम करणाऱ्यांत श्रम वाढतील तसे खाणे वाढत होते, आणि वजन स्थिर होते. बैठ्या कामाच्या पुरुषांत मात्र श्रम कमी असूनही खाणे कमी नव्हते, उलट अधिक होते, आणि वजनही अधिक होते. वल्हे मारून बँटिंगची भूक का वाढली, याचा एक अर्थ येथे लागतो. आणि पेढीवर बसून तो का सुटला, याचाही.

कर्बोदके कमी करावीत की स्निग्ध पदार्थ, हा वाद हार्वेपासून चालत आला. 2018 मध्ये स्टॅनफर्ड येथील 609 प्रौढांच्या अभ्यासात वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. बँटिंगला गुण आला तो कदाचित मांसामुळे नव्हे, तर बिअर, साखर, लोणी-पाव यांच्या एकत्रित हकालपट्टीमुळे.

पुरुष वजन उतरविण्याच्या वर्गांना सहसा फिरकत नाहीत, ही अडचण अलीकडे संशोधकांनी गांभीर्याने घेतली. स्कॉटलंडमध्ये तेरा व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या मैदानांवर 35 ते 65 वयाच्या 747 स्थूल चाहत्यांवर एक नियंत्रित चाचणी झाली. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, आपल्याच संघाच्या मैदानावर जमायचे. पावले मोजीत चालणे वाढवायचे. ताटातील वाढप आणि मद्य कमी करायचे. आणि चेष्टामस्करी चालू ठेवायची. शिकविणारे डॉक्टर नव्हते, क्लबांचे प्रशिक्षक होते. वर्षानंतर या गटाचे वजन तुलनेसाठीच्या गटापेक्षा सरासरी 4.94 किलोंनी अधिक उतरलेले होते. साडेतीन वर्षांनी मोजले तेव्हा काही वजन परत चढलेले, तरीही मूळ वजनापेक्षा सरासरी 2.9 किलो कमी. बँटिंगच्या 21 किलोंपुढे हे आकडे लहान दिसतात. पण तो एकटा, सधन आणि कमालीचा चिकाटीचा होता, आणि हे सातशे सत्तेचाळीस जण बाजारातून, कारखान्यांतून, कचेऱ्यांतून आलेले होते. या चाचणीचा वृत्तान्त 2014 मध्ये ‘द लॅन्सेट’नेच प्रसिद्ध केला.