भर आधी, अस्तर नंतर : घाटावरच्या गोधडीचा इतिहास

बुलढाणा शहराजवळ पैनगंगेच्या काठी वसलेले देऊळघाट हे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील गाव असून या उंच भागाला लोक ‘घाटावर’ आणि मलकापूर, नांदुरा, खामगावकडील सखल मुलखाला ‘घाटाखाली’ असे म्हणतात. घाटावरची हिवाळी रात्र चांगलीच झोंबणारी असते, त्यामुळे जाड पांघरुणावाचून येथील घराचे भागत नसे; मात्र ते पांघरूण कोणत्या क्रमाने शिवले जाई, हे शिवणारणीच्या आवडीपेक्षा आत घालायला काय हाती आहे यावरच ठरत आले.

आत घालावयाच्या थराला ‘भर’ म्हणतात आणि वऱ्हाडासारख्या कापसाच्या प्रदेशात ही भर रुईचीच असणार, असे सहज वाटते. प्रत्यक्षात 1853 च्या करारान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर आणि विशेषतः 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस थांबल्यावर येथील कापूस विलायतेच्या बाजाराशी घट्ट बांधला गेला. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला तोही मुख्यतः खामगावच्या कापूसपेठेसाठीच. जे पीक रोख पैसा देते ते पांघरुणात कोंबणे सामान्य कुणब्याला परवडणारे नव्हते, असे मानायला हरकत नाही. सरकी काढलेली रुई धनुकलीने पिंजून देणारे पिंजारी होते आणि त्यांच्या हातच्या गाद्या व रजया ऐपतदार घरांत असत. बाकीच्यांची भर म्हणजे जुनी लुगडी, धोतरे आणि विरलेल्या चादरी.

या दोन भरींमुळे शिवण्याच्या दोन रीती झाल्या. पिंजलेली रुई मोकळी असते. तिच्यावर कापडाचा तुकडा ठेवून टाका घालू गेल्यास तंतू सुईबरोबर वर येतात आणि थर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतो. म्हणून रजईची खोळ आधी शिवतात, तिच्यात रुई भरून काठीने सारखी करतात आणि मग लांब टाके घालतात. जुन्या कापडाची भर मात्र आपल्या जागी राहते, सुई पेलते, आणि तिच्यावर तुकडे थेट शिवता येतात. तुकडे जोडणे वेगळे आणि थर टाचणे वेगळे, असा भेद येथे उरतच नाही.

नव्या गोधडीत बहुधा खालचे लुगडे आधी अंथरले जाते, हे खरे. पण वऱ्हाडी घरातील वाकळ, म्हणजे अनेक थरांची जड गोधडी, क्वचितच पूर्णपणे नवी असे. विरलेली वाकळ धुऊन, उन्हात वाळवून ओसरीवर पसरतात, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि तिलाच भर मानून फाटक्या जागांवर ठिगळे मांडतात. ठिगळाची कड आत दुमडून धावदोरा, म्हणजे खालीवर जाणारा साधा सरळ टाका, थेट त्या भरीतून घातला जातो. पुढचे ठिगळ आधीच्याची उघडी कड झाकते. कडेने सुरू झालेल्या ओळी चौकोनावर चौकोन घालत मध्याकडे सरकतात आणि दाभण लागावे इतकी जाडी झाली, तरी काम त्याच क्रमाने चालते. खालची बाजू गाठींनी आणि दोऱ्याच्या शेवटांनी भरलेली असते. ती झाकणारे अस्तर सर्वांत शेवटी लागते, आणि तेही घरात एखादे धड लुगडे निघाले तर. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची ‘कवंदी’ ही या वाकळीची जवळची नातलग ठरते: तिथेही तुकड्यांची वेगळी चादर न जोडता ते कडेपासून आत थेट टाचले जातात. या समाजाचे काही पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकी गुलाम होते. तरीही कवंदीचे मूळ कोणते आणि गोधडीचे कोणते, हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही, कारण जुने कापड आणि सुई यांच्यापाशी ही रीत कुठेही आपोआप सुचण्यासारखी आहे.

ठिगळांच्या पांघरुणाला प्रतिष्ठा नव्हती, आणि म्हणूनच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (1876–1956) चिंध्यांचा वेश पत्करला, तेव्हा लोकांनी त्यांना ‘गोधडेबुवा’ म्हटले. अलीकडे शहरी प्रदर्शनांत हीच गोधडी कौतुकाने टांगली जाते. पण ती बहुधा पातळ असते, आणि हा बदल केवळ रुचीचा नव्हे. कृत्रिम धाग्याची साडी सुती लुगड्यासारखी वापराने मऊ पडत नाही व थरांत घसरते, तर घरगुती शिलाई यंत्राच्या दाबपट्टीखाली वाकळीची जाडी शिरत नाही. त्यामुळे यंत्रावर शिवणारे आता तुकडे आधी एकमेकांना जोडून वरची चादर तयार करतात, मग आत पातळ भर आणि खाली अस्तर घालून मोजक्या सरळ शिवणी मारतात.