नाव एक, वॅट वेगळे

2024 च्या मे महिन्यात भाचा मोबाईलवर दोन लॅपटॉपचे फोटो घेऊन घरी आला. बारावी झाली होती, बीसीएला प्रवेश घ्यायचा होता. बहिणीची 50,000 ची भिशी नुकतीच लागली होती, माझ्याकडून 30,000. म्हणजे हिसाब सरळ होता, 80,000 च्या वर एक रुपयाही नाही. बहीण शिलाई आणि पिको-फॉल करते. त्या भिशीतला एकेक हप्ता कसा भरला गेला ते मला माहीत आहे.

पहिला लॅपटॉप पातळ, धातूच्या अंगाचा, स्क्रीन सुरेख, 16 जीबी रॅम, किंमत 84,000. दुसरा जाडजूड, काळ्या प्लास्टिकचा, वजन सव्वादोन किलोच्या पुढे, 8 जीबी रॅम, 76,000. ग्राफिक्स कार्ड दोघांतही तेच, आरटीएक्स 4050, सहा जीबीचं. "मामू, कार्ड तो सेम है," तो म्हणाला, "मग गेम दोन्हीवर सारखाच चालणार. अच्छा दिखनेवाला क्यों नहीं लेना?" वरचे 4,000 अम्मी शेजारच्या चाचींकडून उसने आणेल, हेही त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मुद्दा बिनतोड वाटतो. पण या धंद्यात नावाचा इतिहास जरा बघितला, तर 'सेम है' म्हणायला जीभ कचरते.

मी बारावीनंतर सायबर कॅफेत बसायचो, 30 रुपये तास. एकसारखे दिसणारे पांढरे डबे ओळीने मांडलेले असत, पण पोरांची मारामारी कोपऱ्यातल्या एकाच डब्यासाठी. बाकीच्यांवर क्वेक हा गेम अडखळत चालायचा, त्याच्यावर पाण्यासारखा वाहायचा. कारण विचारलं तर कॅफेवाला म्हणायचा, "उसमें कार्ड है." कार्ड म्हणजे काय ते मला फार उशिरा समजलं.

1993 च्या डिसेंबरात डूम आला, तेव्हा सगळं चित्र मुख्य प्रोसेसरच काढत असे, आणि तेही पूर्णांकांच्या गणितावर. 1996 च्या जूनमध्ये त्याच कंपनीचा क्वेक आला आणि बाजाराचा हिसाबच फिरला. क्वेकमधल्या भिंती, माणसं खऱ्या अर्थाने त्रिमितीय होती, त्यामुळे दशांश अपूर्णांकांचं गणित भरपूर. लिहिणाऱ्यांनी एक युक्ती केली होती. दर सोळा बिंदूंमागे एक मोठा भागाकार करायचा, आणि तो पेंटियमच्या अपूर्णांक-विभागात चालू असेपर्यंत दुसऱ्या विभागाने मधले बिंदू रंगवत राहायचं. एका चुलीवर डाळ शिजत असताना दुसऱ्या चुलीवर पोळ्या लाटून भाजाव्यात तसं.

त्याच काळात टेक्ससच्या सायरिक्स कंपनीचा 6एक्स86 हा प्रोसेसर बाजारात होता. पेंटियमपेक्षा स्वस्त, आणि पत्र टाईप करणं, हिशेब मांडणं यात खरोखरच चपळ. त्याच्या एका प्रकाराचं नाव होतं पी166 प्लस. वाचणाऱ्याला वाटे, 166 मेगाहर्ट्झ. प्रत्यक्षात वेग 133 चा. कंपनीचं म्हणणं, काम 166 च्या पेंटियमइतकं होतं, म्हणून तो आकडा. ऑफिसच्या कामात ते खोटं नव्हतं. पण क्वेक लावला की दुसरी चूलच नीट पेटायची नाही, कारण त्याचा अपूर्णांक-विभाग कमजोर होता. एकाच आकड्याच्या भरवशावर दोन मशीनं सारखी मानणाऱ्यांचा तिथे हिरमोड झाला. 1997 मध्ये सायरिक्स नॅशनल सेमीकंडक्टरकडे गेली, 1999 मध्ये व्हियाकडे. एका गेमने कंपनी बुडवली असं मी म्हणणार नाही, पण तिच्या नावाला तो डाग चिकटला तो चिकटलाच.

पुढचं भराभर सांगतो. 1996 मध्येच थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं आणि चित्र रंगवण्याचं ओझं प्रोसेसरवरून उतरलं. 1999 मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स 256 काढलं, जीपीयू हा शब्द रूढ केला, आणि 2000 च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सची मालमत्ताच विकत घेण्याचा करार केला. त्याच सुमारास जीफोर्स लॅपटॉपमध्येही शिरलं.

खरी गोम लॅपटॉपची आहे. आजच्या साध्या फुल एचडी स्क्रीनवर 20 लाखांहून जास्त बिंदू असतात. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे 12 कोटींवर बिंदू दर सेकंदाला रंगवायचे. एवढं काम म्हणजे वीज, आणि वीज खाल्ली की उष्णता. टेबलावरच्या डब्यात मोठे पंखे बसतात, लॅपटॉपमध्ये बोटभर जागा. म्हणून पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाच्या नावामागे 'एम' लावत. जीटीएक्स 980 मध्ये 2048 गणन-एककं होती, 980एम मध्ये 1536. नाव वाचूनच कळे की हा धाकटा भाऊ आहे. 2016 मध्ये 1060 च्या पिढीत एम गेला. त्या वेळी ते रास्तही होतं, दोन्हीकडे 1280 एककं होती.

2017 मध्ये पातळ लॅपटॉपसाठी कमी विजेवर चालणारी आवृत्ती आली, नाव मॅक्स-क्यू. शब्द रॉकेटवाल्यांचा आहे. वर जाणाऱ्या रॉकेटवर हवेचा दाब सर्वांत जास्त असतो तो क्षण. नाव भारी होतं, पण निदान डब्यावर छापलेलं तरी असे. 2021 च्या जानेवारीत तेही सक्तीचं राहिलं नाही. आरटीएक्स 3060 या एकाच नावाखाली 60 वॅटचंही कार्ड आणि 115 वॅटचंही. ओरड झाल्यावर कंपनीने लॅपटॉपवाल्यांना वॅट जाहीर करायला सांगितलं, ते आता माहितीपत्रकात खाली, बारीक अक्षरात सापडतात. आणि टेबलावरचं 4090 नि लॅपटॉपमधलं 4090? पहिल्यात 24 जीबी मेमरी, दुसऱ्यात 16. चिपसुद्धा एक नाही. माझी आजी अशा वेळी म्हणायची, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आमच्या 4050 ची मुभा 35 पासून 115 वॅटपर्यंत आहे. रात्री भाच्याला शेजारी बसवून दोन्ही माहितीपत्रकं उघडली. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये 45 वॅट. जाड्यामध्ये 95. पोरगा गप्प झाला. वॅट दुप्पट म्हणून चित्रं दुप्पट होत नाहीत, वरच्या टोकाला फायदा आटत जातो, हेही मी त्याला सांगितलं. पण 45 आणि 95 मधलं अंतर डोळ्यांना दिसण्याइतकं असतं. म्हणजे 8,000 जास्त मोजून गेम कमी.

जाड्याची बाजू मी उगाच घेतली नाही. त्याची स्क्रीन फिकट आहे, रंग उडालेल्या साडीसारखे दिसतात. बॅटरी कॉलेजचा दिवस काढणार नाही. चार्जर विटेएवढा. तो कार्यक्रमांची पोस्टरं करणारा असता, किंवा रोज एसटीने दोन तास जाणारा, तर मी उलट सल्ला दिला असता आणि गेम विसर म्हटलं असतं. पण कॉलेज सायकलच्या अंतरावर, आणि गेम तर तो विसरणार नव्हता. 8 जीबीची एकच पट्टी होती, शेजारची खाच रिकामी. तिथे 2,500 ची दुसरी पट्टी बसवली की मेमरीची वाटही दुहेरी होते. एकूण 78,500. शेजारच्या चाचींकडे जायची गरज उरली नाही.

तो रुसला, हे खरं. मित्रांमध्ये धातूचं झाकण उघडण्याची शान वेगळी असते, सतराव्या-अठराव्या वर्षी ती काही छोटी गोष्ट नाही. आठवडाभर माझ्याशी हो-नाहीपुरतं बोलला.

उरलेल्या 1,500 रुपयांतून बहिणीने शिलाई मशीनची मोटर दुरुस्त करून घेतली. आता रात्री एका खोलीत तिची मशीन चालते, दुसरीत त्याचे पंखे. पहिल्या रात्री तिने मला फोन करून विचारलं, "भाई, ये लॅपटॉप लिया की पिठाची गिरणी?"