रानडुक्कर कुणाचे?

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्याकडे पुष्कळ वर्षे गाजली. जमीन कुणाची या प्रश्नावर सभा झाल्या, मोर्चे निघाले, कायदे झाले. परंतु त्या जमिनीवर रात्री उतरणारे, पीक उकरून खाणारे आणि पहाटेच्या आत शेजारच्या हद्दीत नाहीसे होणारे रानडुक्कर कुणाचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आमची हयात कामगार संघटनेत गेली. शिकार हा आमचा विषय नव्हे, आणि विद्वत्ता तर नव्हेच. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. मात्र हक्क कुणाचा, झीज कुणाची आणि फायदा कुणाचा, हे तीन प्रश्न कोणत्याही व्यवहाराला विचारण्याची सवय चळवळीने आम्हाला लावली. तेच तीन प्रश्न आम्ही अमेरिकेतील रानडुकरांच्या इतिहासाला विचारले. त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडतो.

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात एखाद्या नवख्या माणसाला रानडुकराच्या शिकारीस आरंभ करावयाचा असेल, तर त्याला आधी बंदूक शोधावी लागत नाही. आधी जमीनमालक शोधावा लागतो. त्या राज्यातील सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे. २०१९ च्या सप्टेंबरपासून तेथील कायदा असा आहे की, मालकाची संमती असल्यास खाजगी जमिनीवर रानडुक्कर मारण्यास शिकारीचा सरकारी परवाना लागत नाही. म्हणजे सरकार दारातून बाजूला झाले, आणि दारात उरला तो मालक. ही स्थिती आपोआप आली नाही. तिच्यामागे जवळजवळ पाचशे वर्षांची हकीकत आहे.

डुक्कर हे मुळी अमेरिकेचे जनावरच नव्हे. तेथे पेकारी नावाचा डुकरासारखा दिसणारा प्राणी आहे, पण त्याचे कूळ निराळे. खरे डुक्कर तेथे युरोपियनांच्या गलबतांतून गेले. १५३९ साली स्पेनचा सरदार एर्नान्दो दे सोतो फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा सैन्याच्या शिधासामग्रीत त्याने जिवंत डुकरे घेतली होती. सैन्य चालत होते आणि शिधाही त्याच्याबरोबर चालत होता, वाटेत विऊन वाढत होता. १५४२ साली दे सोतो वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या लिलावात सातशे डुकरे निघाली असे त्या मोहिमेच्या वृत्तांतात नमूद आहे. वाटेत किती सुटली आणि रानात मिळाली, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

पुढे इंग्रज वसाहतकरी आले. त्यांच्या मायदेशी शिकारीचा कायदा मोठा जाचक होता. १६७१ च्या कायद्याप्रमाणे ससे, तितर यांची शिकार करण्याचा अधिकार ज्याला जमिनीचे वर्षाकाठी शंभर पौंड उत्पन्न असेल अशा माणसाला होता. लहान शेतकऱ्याला स्वतःच्या वावरातला ससा मारण्याचीही मुभा नव्हती. हा निर्बंध तेथे १८३१ पर्यंत टिकला. अशा देशातून आलेल्या लोकांनी नव्या भूमीत पहिली गोष्ट केली ती ही की, शिकारीचा हक्क श्रीमंतीपासून तोडला. १७७६ साली पेनसिल्व्हेनियाने जी राज्यघटना केली, तिच्यात रहिवाशांना आपापल्या जमिनीवर आणि कुंपण न घातलेल्या इतर सर्व जमिनींवर हंगामात शिकार करण्याची मुभा दिली. कुंपण न घातलेली जमीन दुसऱ्याची असली, तरीही! पुढल्याच वर्षी व्हरमाँटने हाच नियम घेतला. जमीन मालकाची, पण तिच्यावरून जाणे आणि शिकार करणे सर्वांचे, असा तो व्यवहार होता.

दक्षिणेत डुकरांच्या बाबतीत असाच रिवाज होता. आपल्याकडे मोकाट जनावर पिकात शिरले तर ते कोंडवाड्यात जाते आणि मालकाला दंड बसतो. तेथे उलट होते. कुंपण घालावयाचे ते पिकाला, जनावर मोकळे. डुकरांच्या कानांना प्रत्येक कुटुंब आपल्या खुणेची खाच पाडी, आणि ती खूण न्यायकचेरीत नोंदवून ठेवी. वर्षभर डुकरे रानात ओकची फळे खाऊन पोसत. थंडी पडली की कुत्री घेऊन त्यांना वेढावे, धरावे, मारावे आणि मांस खारवून ठेवावे. ज्याच्याजवळ एक गुंठाही जमीन नाही, त्याच्या घरीदेखील अशा रीतीने वर्षाचे मांस निघे. ही रानातली डुकरे म्हणजे गरिबाची बेगमी होती.

१८६५ साली गुलामगिरी संपली आणि चित्र पालटले. मुक्त झालेल्या काळ्या माणसाजवळ जमीन नव्हती, परंतु दोन डुकरे, एक कुत्रे आणि समोरचे रान एवढे असले तरी तो मळेवाल्याला ‘आज कामाला येत नाही’ असे सांगू शकत होता. संघटनेत काम केलेल्या माणसाला या वाक्याची किंमत सांगावी लागत नाही. संपाच्या दुसऱ्या महिन्यात ज्याच्या घरी दाणे आहेत, तोच उभा राहतो. मळेवाल्यांनाही ही गोष्ट नीट समजत होती. कुंपणाच्या कायद्याची मागणी सुरू झाली: यापुढे पिकाला नव्हे, जनावराला कुंपण घाला. जॉर्जिया राज्याने १८७२ साली प्रत्येक परगण्याला हा निर्णय घेण्याची मोकळीक दिली, आणि पुढे कित्येक वर्षे परगण्यापरगण्यांत यावर मतदान आणि भांडणे होत राहिली. कुंपणाला लागणारे लाकूड महाग झाले होते, हे कायदा मागणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण परिणाम काय झाला? ज्याच्याजवळ जमीन नाही त्याने डुकरे कोंडावीत कोठे? त्याने ती विकली. गरीब गोऱ्या शेतकऱ्यांनीही या कायद्याला कडवा विरोध केला, कारण त्यांचीही तीच गत होणार होती. स्टीव्हन हान या इतिहासकाराने जॉर्जियातील हा झगडा १९८३ साली पुस्तकरूपाने सविस्तर मांडला आहे. मोकळ्या चराईची पद्धत दक्षिणेत हळूहळू मिटत गेली; फ्लॉरिडात तर ती १९४९ पर्यंत तग धरून होती.

माणसांची डुकरे गेली, पण रानातली सगळी डुकरे काही गेली नाहीत. कानाला खाच नसलेली, कोणाच्याच नावावर नसलेली कित्येक दलदलीत आणि झाडीत राहिली. आता त्यांना धनी नव्हता.

त्यांत दुसरा प्रवाह येऊन मिळाला, तो श्रीमंतांच्या हौसेचा. युरोपातील अस्सल रानडुक्कर अंगाने उंच, केसाळ आणि लढाऊ. १९१२ साली उत्तर कॅरोलायनातील हूपर बॉल्ड या डोंगरावर कुंपण घालून तशी डुकरे शिकारीसाठी आणून ठेवण्यात आली. काही वर्षांत ती कुंपणाबाहेर पडली आणि टेनेसीच्या डोंगरांत पसरली. १९३० नंतरच्या दशकात टेक्ससच्या गुराखमालकांनीही तशीच डुकरे आणली. गरिबाच्या सुटलेल्या डुकरांशी श्रीमंताच्या सुटलेल्या डुकरांचा संकर झाला, आणि आज शेतकऱ्यापुढे उभे आहे ते हे जनावर. सरकारी कृषिखात्याच्या अंदाजाप्रमाणे अशी साठ लाखांहून अधिक डुकरे अमेरिकेच्या किमान ३५ राज्यांत आहेत.

येथे कोणीही म्हणेल, मग शिकार खुली करा, डुकरे आपोआप कमी होतील. टेनेसी राज्याने नेमके हेच करून पाहिले. १९९९ साली राज्यभर रानडुकराची शिकार खुली केली. कितीही मारा, मर्यादा नाही. तोवर जवळजवळ पन्नास वर्षे ही डुकरे थोड्या परगण्यांत टिकून होती. १९९९ मध्ये त्यांचा वावर सुमारे १५ परगण्यांत होता. २०११ येईतो तो ८० च्या घरात गेला. बारा वर्षे मारून डुकरे पाचपट मुलखात पसरली! कारण उघड होते. शिकारीला हंगाम मिळाला, तशी ज्या भागात डुक्कर नव्हते तेथील हौशी मंडळींनाही ते हवेसे झाले. रात्रीच्या वेळी गाडीत घालून डुकरे नव्या रानात नेऊन सोडण्यात आली. शेवटी २०११ साली राज्याने त्याला शिकारीच्या जनावरांच्या यादीतून काढले आणि पिकाचा उपद्रवी ठरविले. जमीनमालकाला आपल्या जमिनीवर ते मारण्याची मोकळीक वाढविली, हौशी शिकारीचा हंगाम मात्र बंद केला. कॅन्ससने २००६ सालीच हौशी शिकार बंद केली होती. मिझूरीने २०१६ साली आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर या शिकारीस मनाई केली.

यामागे जनावराचा स्वभावही आहे. डुकरिणी आणि त्यांची पिल्ले कळपाने राहतात. गाभण राहिल्यापासून सुमारे ११५ दिवसांत डुकरीण विते, आणि वर्षाच्या आतली मादीही विऊ शकते. कळपावर एक गोळी झाडली की एक पडते आणि उरलेली चहूकडे पांगतात. पुढे ती रात्रीशिवाय बाहेर पडत नाहीत आणि सापळ्याकडे फिरकत नाहीत. म्हणून जाणकार शेतकरी आधी जाळीचे मोठे रिंगण उभारतो, दार उघडे ठेवून कित्येक रात्री मका टाकतो, आणि अख्खा कळप आत आल्याची खात्री झाल्यावरच दार पाडतो. टेक्ससमधील कृषी विस्तार सेवेच्या अभ्यासकांचा अंदाज असा की, डुकरांची संख्या आहे तेथेच रोखावयाची तरी दर वर्षी त्यांतील दोन-तृतीयांश मारली गेली पाहिजेत; प्रत्यक्षात शिकार आणि सापळे मिळून एक-तृतीयांशही होत नाहीत.

आता आपण पुन्हा त्या मालकाच्या दारात उभ्या असलेल्या नवख्या माणसाकडे येऊ. त्याला पाळावयाचे नियम साधे आहेत. संमती लेखी घ्यावी. हद्द मालकाबरोबर चालून पाहावी. टेक्ससमध्ये झाडावर वा खांबावर जांभळ्या रंगाचा आठ इंच लांब, एक इंच रुंद उभा पट्टा दिसला, तर तो ‘आत येऊ नये’ या पाटीइतकाच कायदेशीर आहे. फाटक उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद ठेवावे. आत दुसऱ्याची गुरे आहेत. जनावराच्या पाठीमागे काय आहे ते दिसल्याखेरीज गोळी झाडू नये. चिरफाड करताना हातमोजे घालावेत, कारण रानडुकरापासून ब्रुसेलोसिससारखे रोग माणसाला जडतात. मांस पुरते शिजवावे. आणि जिवंत डुक्कर एका रानातून दुसऱ्या रानात कधीही नेऊ नये.

परंतु या सर्वांहून मोठा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा: आपण येथे कुणाच्या कामी आलो? जो शेतकरी सापळा लावून बसला आहे, त्याला विचारून, तो सांगेल त्या वेळी, तो सांगेल तेवढेच मारणारा माणूस त्याचा साथी असतो. शिकारीचा मक्ता घेऊन, पैसे मोजून आलेला माणूस गिऱ्हाईक असतो, आणि गिऱ्हाइकाला माल पुढच्या वर्षीही हवा असतो. जेथे पीक घेणारे कूळ एक आणि शिकारीचे भाडे घेणारा मालक दुसरा, तेथे झीज एकाची आणि फायदा दुसऱ्याचा होतो. सगळेच मालक असे नसतात. कित्येक शेतकरी पै न घेता शिकाऱ्याला बोलावतात आणि मांस गरजूंच्या घरी जाते. पण डुक्कर हे जोवर कुणाचे तरी उत्पन्न आहे, तोवर ते संपावे असे मनापासून वाटणारा माणूस एकटा पडतो. टेनेसीचा धडा हाच.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. रानडुक्कर येथे पाहुणे नव्हे, येथले मूळ रहिवासी आहे. वाघाचे आणि बिबट्याचे ते भक्ष्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने येथील हौशी शिकार बंद केली, आणि ती बंदच राहावी असे आम्हास वाटते. तथापि झीज कुणाची, हा प्रश्न येथेही तोच आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तो विचारून ठेवला आहे. रानडुकरे शेते खातात, तर शेतकऱ्याला बंदूक ठेवू द्या. ती देणार नसाल तर राखणीचे काम पोलीस खात्याकडे सोपवा, आणि तरीही नुकसान झाले तर ते वरिष्ठ अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्या, अशी त्यांची मागणी होती. हत्यार काढून घेणाऱ्याने जबाबदारीही उचलावी, एवढाच तिचा अर्थ. आजचा शेतकरी पंचनाम्यासाठी खेटे घालतो, तेव्हा तो हीच मागणी करीत असतो.

अमेरिकेने शेतकऱ्याला बंदूक दिली आणि डुक्कर बाजारात मांडले. आपण डुकराला कायद्याचे संरक्षण दिले. त्याची किंमत मात्र रात्रभर मचाणावर जागणाऱ्या माणसाने एकट्याने भरावी, हे न्यायाला धरून नाही. संरक्षण सर्वांचे असेल, तर राखणीचा खर्चही सर्वांचा असला पाहिजे.