हिमस्खलन

डोंगरउतारावरील बर्फाचा थर एकाएकी सुटून कोसळणे म्हणजे हिमस्खलन. दोष नुसत्या भरपूर हिमवर्षावाचा नसतो. बहुधा घट्ट थराखाली साखरेसारख्या सुट्या कणांचा कमकुवत थर दबलेला असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही तो खचतो आणि वरची लादी तडकून निसटते. आवाजाने बर्फ कोसळतो, ही समजूत सिनेमातली. गाडलेला माणूस बहुतेकदा गुदमरून दगावतो. पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर जगण्याची आशा मोठी, अर्ध्या तासानंतर थोडीच. यावर सियाचीनचा दाखला दिला जातो: ३ फेब्रुवारी २०१६ च्या दुर्घटनेत लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. पण तो अपवादच. सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशी यांच्यासह नऊ जवान बर्फाखालीच गेले. हनुमंतप्पांचेही ११ फेब्रुवारीला निधन झाले.