चुकलेल्या उत्तरांचा इतिहास

बालबुद्धीच्या अभ्यासाचा इतिहास आपण बहुधा बरोबर उत्तरांच्या बेरजेतून वाचतो. १९०५ साली आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये तीस कसोट्यांची श्रेणी रचली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य मिळावे म्हणून. बुद्धी ही अचल राशी होय, हे मत बिनेने १९०९ मध्येच नाकारले होते. १९११ मध्ये तो वारला. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मनने त्याच श्रेणीला बुद्ध्यंकाची जोड दिली आणि साहाय्याचे साधन वर्गवारीचे होऊ लागले. पुढे पॅरिसमध्येच, सिमाँच्या सूचनेवरून मुलांच्या तर्कचाचण्या घेताना तरुण झाँ पियाजेचे लक्ष चुकांकडे वळले. त्या चुकांनाही आपली अशी सुसंगती होती. आपण शिक्षक जिथे फुली मारून पुढे जातो, तिथे तो थांबून प्रश्न विचारू लागला.